झुडपात फेकलेले दगड

शाळेच्या सहलीत लोणार सरोवराच्या काठावर भेटलेल्या त्या गाइडचा राग अजून माझ्या मनातून जात नाही. दोरीला टांगलेलं लोहचुंबक तो एकेका दगडाजवळ न्यायचा. चिकटलं की ओरडायचा, "पाहा पोरीहो, आभाळातून पडलेला दगड!" नाही चिकटलं की तो दगड हसतहसत मागच्या झुडपात भिरकावायचा.

"ते काऊन फेकता?" मी विचारलं.

"जे चिकटतच नाही ते दाखवून काय करू, मॅडम? लोकं इथं चमत्कार पाहाले येतात."

पोरी टाळ्या वाजवत होत्या. ज्यांना मी वर्षभर विज्ञान शिकवलं, त्याच पोरी! माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना झुडपात पिटाळलं आणि फेकलेले दगड वेचून आणायला लावले.

"आधी हे त्या चिकटलेल्या दगडांशेजारी मांडा," मी म्हणाले. "चिकटले किती आणि न चिकटता फेकले किती, हे या फेकलेल्यांना विचारल्याशिवाय खरं काय ते कळत नाही."