माडाच्या शेंड्यावरची तार

न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं पेटली, आणि त्या वासासरशी मला भिकूचा भाजलेला तळहात आठवला.

आता माझ्या हौशी रेडिओची अँटेना वेगळ्या खांबावर आहे, टोकाला चिनी मातीचा इन्सुलेटर आहे. तेव्हा कमी फ्रिक्वेन्सीचा संदेश आणखी लांब पोचावा म्हणून मी शिरोड्याच्या घरामागे तार वाढवून उघडीच माडाच्या शेंड्याला बांधली होती. संदेश पाठवताना त्या उघड्या टोकाला हात लागला तर भाजतं, हे मला ठाऊक होतं. भिकू पाडेली त्याच माडावर नारळ काढायला चढलेलाही खिडकीतून दिसत होता. पण पलीकडून पहिल्यांदाच उत्तर आलं होतं. मी बटण दाबलं.

भिकू ओरडत खाली उतरला. तळहातावर पांढरा चट्टा.

"राखणदाराक न इचारता चढलंय, म्हणान झाला ह्या," तो म्हणाला.

मी तारेबद्दल बोललो नाही. त्याने जागेची राखण करणाऱ्या त्या देवासाठी माडाच्या बुंध्याशी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, माझी काय चूक झाली आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला शेजारी उभ्या असलेल्याने होकार द्यायचा असतो. शेजारी मीच होतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.