टायफॉईडचा जंतू आणि मी

दुसऱ्या दिवशी लेकीला शिरूरच्या कॉलेजात वर्गापुढं उभं राहून बोलायचं होतं. ती माझ्यावर गेलीय. चार माणसं दिसली की घसा बंद. मागच्या वेळी नुसती फळ्यापुढं उभी राहून परत आली होती. यावेळी तसंच झालं तर त्या विषयात नापास. म्हणून मी आणि सासूबाई मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो, तिथंच तिनं आमचा वर्ग केला.

"टायफॉईडचा जंतू अंगात शिरतो. राखणदार पेशी त्याला गिळते आणि आपल्या आत एका पिशवीत कोंडते. तिथं पाचकरस सोडून त्याला संपवायचं असतं. पण त्याच्या अंगावर सुईसारख्या बारीक नळ्या असतात. पिशवीत बसूनच तो नळीतून आपली प्रथिनं पेशीत सोडतो. मग..."

"मग" तीनदा झालं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

आठ दिवस तेच ऐकून मला पाठ झालं होतं. म्हटलं, "मग काय, पेशीचा कारभार त्याच्या मनासारखा चालतो. पाचकरस त्याच्या पिशवीकडं फिरकत न्हाई. तो आत राहतो, पोरंबाळं वाढवतो. माझ्यासारखा."

"तुझ्यासारखा?"

एरवी मी एवढं बोलत नाही. "या घरानं मला गिळलंच की. दोन वर्षं चुलीपुढचा कोपरा सोडला न्हाई, तोंड उघडलं न्हाई. पण कोपऱ्यातनं एकेक सोडत गेले. आधी माहेरचा मसाला, इथल्या मसाल्याच्या डब्यात मूठमूठ मिसळून. मग आमटीत चिंचेऐवजी आमसूल. मग माठाची जागा. आता सगळं घर माझ्या चवीनं जेवतं, आन् कुणाला पत्ता न्हाई."

बोलून झाल्यावर ध्यानात आलं, सासूबाई शेजारीच आहेत.

त्यांनी मेथीचं एक देठ खुडलं. "म्हंजी तू टायफॉईड व्हय गं?"

लेक फसकन हसली. मला आवरेना, हातातली जुडी सुटून पाला ओसरीभर झाला.

"आन् मसाला मला कळला न्हवता, असं वाटलं व्हय? पहिल्याच दिवशी कळला. चांगला लागला, म्हणून गप बसले."

मग तर आम्ही मायलेकी त्या पाल्यातच लोळलो.

दुसऱ्या दिवशी लेक एसटीतून उतरून पळतच घरी आली. "मग"पाशी घसा बंद झालाच म्हणे. तेवढ्यात तिला ओसरीवरचा पाला आठवला, आणि 'माझी आई नवी नवरी होऊन आली तेव्हा' इथून ती जी सुटली, ती शेवट करूनच थांबली. मॅडम हसल्या, आणि पासही केलं.

सासूबाई ताटावर बसत होत्या. "माझं सांगितलंस का काही?"

"सांगितलं की आजी. तू पेशी."

"गिळणारी?"

"व्हय."

"मग बरंय." त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं. "वाढ गं, टायफॉईड."