फाट्यावर नसलेला गतिरोधक

आधीच सांगतो, मी सिव्हिल डिप्लोमावाला माणूस. भूतबित, चकवाबिकवा आपल्याला पटतच नाय. गावात कोणी असलं काही सांगायला लागलं की पहिला हसणारा मीच. तरी लिहितोय... भराभर टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

संभाजीनगरहून जालना रोडनं करमाडला या, तिथून आत वळा, थोडं पुढं आमच्या गावचा फाटा. रस्त्याच्या अल्याड गाव, पल्याड अंगणवाडी, आणि मधून खडीचे डंपर दिवसभर सुसाट. माझी आत्या त्या अंगणवाडीत मदतनीस. तिनंच बायांच्या सह्या घेऊन अर्ज केला, चकरा मारल्या, तेव्हा कुठं सरकारच्या अपघात कमी करायच्या कामात आमचा फाटा बसला. गतिरोधक, पांढरे पट्टे, पाटी - सगळं मंजूर.

काम मिळालं नेमकं मी ज्याच्याकडं साइट सुपरवायझर होतो त्याच ठेकेदाराला. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. पाटी लागली - 'पुढे गतिरोधक आहे'. गतिरोधक काय झाला नाय, डांबर दुसऱ्या साइटला गेलं. शेठ म्हणला, तू फोटो टाकून दे, पावसाळ्यानंतर बघू. मी दुसऱ्याच गावच्या गतिरोधकाचा फोटो काढला, त्याच्यावर आमच्या फाट्याचं लोकेशन चढवलं आणि अपलोड केला. काम पूर्ण. सगळेच करतात हो...

एक दिवस आत्यानं फाट्यावर शेठची गाडी अडवली. मी मागच्या सीटवर होतो.

"गाड्या काय पाटी वाचून हळू होत्यात व्हय, साहेब? तुम्हाला करायचा नसंल तर सांगा, मीच आडवी पडते तिथं."

शेठ काच वर करता करता म्हणला, "पडा की मावशी. आमचं डांबर तरी वाचंल."

मी मोबाईलमधी डोकं घालून बसलो.

महिनाही झाला नसंल. सकाळी अंगणवाडीत जाताना डंपरनं आत्याला उडवलं. पाटीच्या पुढं, गतिरोधक पाहिजे होता बरोब्बर तिथंच. रस्त्यात आडवी पडली होती.

तेरावा झाला आणि मी कामावर गेलो. नोकरी सोडली नाय, कारण मला शेठला सोडायचं नव्हतं. अडकवायचंच होतं त्याला. पण पुरावा म्हणजे तो फोटो... आणि फोटो माझ्या मोबाईलमधला.

मग एक दिवस भर दुपारी, त्याच जागी, शेठची गाडी धाडकन उडाली. त्याचं डोकं छताला आपटलं. ड्रायव्हर रफिकभाई उतरून बघतो तर रस्ता पोळपाटासारखा सपाट. मागून रिक्षा गेली, ट्रॅक्टर गेला - काय नाय. दुसऱ्या दिवशी परत तेच. रफिकभाई म्हणले, "रोड पलेन है, मेरे कू दिखता. पन गाडी कू नै दिखता ना."

शेठनं शॉकअप बदलले, मग गाडीच बदलली. तीही उडाली. मानेला पट्टा आला त्याच्या. मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? फाटा जवळ आला की मी वरचं हँडल घट्ट धरायचो आणि मनात म्हणायचो - आत्या, अजून जोरात.

शेवटी शेठ टरकला. एका दिवसात पाटीजवळ, आत्या पडली त्याच्या जरा अलीकडं, खरा गतिरोधक घातला, पट्टे मारले, नारळ फोडला. पट्टा बांधलेली मान वाकवून म्हणला, "मावशी, चुकलं. झालं आता."

आणि खरंच थांबलं. मला तर रागच आला... एवढ्यात सुटला हा?

मी नोकरी सोडली. पहिल्याच दिवशी बाबांना मागं बसवून बाईकवर निघालो. नवा गतिरोधक हळूच ओलांडला, गिअर टाकला, आणि चार पावलं पुढं, आत्या पडली होती तिथं, असा दणका बसला की हँडल हातातून सुटता सुटता राहिलं.

बाबांना दणका जाणवलाच नाय. म्हणले, "सपाट रस्त्यावर असा काय उडतो रे?"

तेव्हापासून रोज. नंतर तिथं टेप लावून, लेव्हल लावून बघितलंय, सूतभरही उंचवटा नाय. फोटो कधीच डिलीट केलाय. सगळ्यांना फाट्यावर एक गतिरोधक लागतो, मला दोन. का, ते मला सांगता येत नाय. आणि फोटो कोणी काढला होता ते मी घरी अजून सांगितलेलं नाय.

उद्या करमाडचा बाजार. बाबा परत मागं बसणार.