लुसियनकडे कुणी चेंडू टाकेना

लुसियन गिड्रीला एका जागी बसवायचं तर खुर्चीला बांधावं लागेल, आणि मग हा खुर्चीसकट उठून चालायला लागेल. चर्चमध्ये प्रवचन चालू असलं की याचा गुडघा हलतो आणि पुढचा अख्खा बाक त्याच्याबरोबर थरथरतो. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या ट्रकांची रांग लागते, तेव्हा बाकीचे ड्रायव्हर डुलक्या काढतात. हा पठ्ठ्या खाली उतरून रांगेच्या टोकापर्यंत जाणार, तिथे कुणाशी तरी वाद घालणार, आणि तोवर रांग पुढे सरकलेली. मागचे भोंगे वाजवतात, मग हा पळत येतो. पळतो मात्र असा देखणा, की भोंगे वाजवणारेसुद्धा बघत राहतात.

त्या पळण्यावरच तर सगळं होतं. बेलकान गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, म्हणजे चेंडू हाताने खेळायच्या फुटबॉलचा, तो रिसीव्हर. म्हणजे काय, तर वाऱ्यासारखं पुढे धावत सुटायचं, मागून क्वार्टरबॅक चेंडू भिरकावतो, तो वरच्यावर झेलायचा आणि थेट टोकाची रेघ गाठायची. पोरी बघायला यायच्या ते यासाठी. म्हाताऱ्या पण यायच्या, उगाच खोटं कशाला बोला! पण यंदा काय झालं कोण जाणे, लुसियन धावायचा, टोकाला जाऊन हात वर करून उभा राहायचा, आणि मागे वळून बघावं तर चेंडू भलत्याच कुणाच्या पोटाशी. अल्फे रिशार, त्यांचा क्वार्टरबॅक, चेंडू टाकायचाच नाही. शेजारच्या दांडगटाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, मार धडक. टीम जिंकत होती, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. एकट्या याची होती, आणि ती दहा जणांना पुरेल एवढी होती.

"मी काय तिथे कपडे वाळत घालायला उभा आहे का?" असं तो क्लोव्हिसच्या खुर्चीत दाढीला बसल्या बसल्या ओरडायचा. क्लोव्हिस गावातला न्हावी, शिवाय टीममधला राखीव क्वार्टरबॅक. मिशी नुकतीच ठेवलेली, हात मात्र तोफेसारखा.

"हलू नकोस लुसियन, कान जाईल," क्लोव्हिस म्हणायचा.

"जाऊ दे! तसंही माझं कोण ऐकतंय?"

लुसियनला कारण ठाऊक होतं, म्हणजे त्याला तसं वाटत होतं. उन्हाळ्यात त्याने अल्फेची होडी मागून नेली होती आणि तिचं इंजिन बायूच्या, म्हणजे गावाजवळच्या संथ दलदली खाडीच्या, गढूळ पाण्यात बुडवून आला होता. अल्फे तेव्हा फक्त "असू दे" म्हणाला. असं थंडपणे "असू दे" म्हणणारा माणूस आतून धुमसत असतो, असं लुसियनचं शास्त्र. स्वतः तो कधी मनात ठेवून धुमसलेलाच नाही ना, त्याला कसं कळणार!

वय एकतीस. सकाळी ट्रकमधून उतरताना गुडघा कटकन वाजायचा. आता एकच मॅच राहिली होती, फायनल, आणि समोर पुलापलीकडचं पाँ-रूझ. या मॅचला चेंडू हातात आला नाही, तर पुढच्या वर्षी हा गुडघा मैदानात उतरू देईल का नाही, हे तो स्वतःलाही विचारायचा नाही. त्यापेक्षा ओरडणं सोपं. गुरुवारी त्याने तेही सोडलं आणि रागाने सरावालाच गेला नाही.

आणि बेलकानात सराव चुकवला की शिक्षा ठरलेली. शनिवारी मॅचनंतर सगळी टीम मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गंबो खाते. भला मोठा हंडा, त्यात कोंबडी, सॉसेज, भेंडी, आणि हे सगळं ज्याच्यावर उभं राहतं ते तेलात भाजलेलं पीठ. बेसनाचे लाडू वळणारीला सांगायला नको, पण हे प्रकरण त्याच्याहून खट्याळ. चॉकलेटच्या रंगापर्यंत न्यायचं, आणि तोवर हात थांबवायचा नाही. क्षणभर थांबला की तळाला काळे ठिपके, आणि सगळा हंडा कडू. सराव चुकवणाऱ्याने शनिवारी सकाळी ते पीठ ढवळायचं. लुसियनला यापेक्षा तुरुंग बरा वाटला असता.

हंड्याची मालकीण ओदिल मावशी. तिच्या हातात लाकडी उलथनं असलं की फादरसुद्धा लांबून नमस्कार करतात.

"ये रे माझ्या भिंगऱ्या," ती म्हणाली. "हे धर. हळू आणि न थांबता. तुला दोन्ही जमत नाही, पण शिकशील."

"मावशी, आज फायनल आहे. माझे हात दुखले तर?"

"तुझ्या हातांचं यंदा काय काम पडलंय, सोन्या?"

लागलं ते. पण मावशी कांदे चिरायला वळली होती, आणि पाठीशी भांडण्यात मजा नाही. लुसियन ढवळायला लागला. या पायावरून त्या पायावर. पीठ अजून फिकंच. एक गाणं म्हणून झालं, दुसरं झालं, पीठ जेमतेम शेंगदाण्याच्या रंगावर.

मावशी सॉसेज आणायला बाहेर गेली आणि तेवढ्यात अल्फे आला. बारीक चणीचा, कारखान्यात वेल्डिंग करणारा, बोलायला लागला की दोन शब्दांत दमणारा.

"जमतंय?" त्याने विचारलं.

"आलास? बघ, निदान इथे तरी मी रिकाम्या हातांनी उभा नाही. धर हे उलथनं, मला जाऊन यायचंय."

"कुठे?"

"सकाळपासून तीन कप कॉफी प्यायलोय, कुठे जाणार मी!"

तो गेला आणि परत आला, कारण घाईघाईने जाऊन येणं हे त्याला देवाने दिलेलं वरदान. दारातच थबकला. अल्फे डाव्या हाताने ढवळत होता. उजवा हात बाजूला लोंबत होता, ओल्या टॉवेलसारखा. डावा दमला म्हणून त्याने उलथनं उजव्यात घेतलं, हात छातीपर्यंत उचलला, आणि त्याचं तोंड पार वेडंवाकडं झालं. उलथनं निसटून हंड्यात पडलं. ते बाहेर काढेपर्यंत व्हायचं ते झालं. तळातून काळे ठिपके वर आले आणि शेडभर करपल्याचा वास.

"कुणी जाळलं?" बाहेरूनच मावशीचा आवाज. त्या बाईचं नाक पुलापलीकडचं सुद्धा हुंगतं.

अल्फेचा चेहरा पांढरा फटक. लुसियनने तोंड उघडलं. आता हे तोंड उघडलं की त्यातून काय बाहेर पडेल याचा भरवसा कुणीच दिला नसता.

"मी," तो म्हणाला.

"दुसरं कोण असणार!" मावशीने सगळं पीठ कुंपणाकडे नेऊन ओतलं. "परत तेल ठेव. परत पीठ घाल. आणि या वेळी तुझा पाय हलताना दिसला तर त्यालाच ढवळेन."

ती पुन्हा सॉसेजपाशी गेल्यावर लुसियन दात ओठ खात कुजबुजला, "कधीपासून?"

"हंगाम सुरू व्हायच्या आधीपासून. हात डोक्याच्या वर उचलून बॉयलरचं काम केलं, खांदा गेला. पंधरा यार्डांपर्यंत टाकतो. पुढे डोळ्यांसमोर अंधार."

"म्हणजे होडीमुळे नाही?"

"कुठली होडी?"

लुसियनला हसावं का त्याला हंड्यात बुडवावं कळेना. अख्खा हंगाम तो त्या इंजिनापायी ओरडत होता! "मग सांग ना कोचना! क्लोव्हिस टाकेल. त्याचा चेंडू तर पाँ-रूझच्या चर्चवर जाऊन पडतो!"

"आज नको," अल्फे म्हणाला. "पाँ-रूझशी कधीच जिंकलो नाही मी. एकदा उभा राहू दे." एवढंच बोलून तो दमला.

आता बघा गंमत. गावातल्या कुठल्याही माणसाला हे गुपित सांगितलं असतं तर चाललं असतं. नेमकं लुसियनला कळलं. एक शब्द बोलला की क्लोव्हिस मैदानात आणि चेंडू याच्या हातात. आणि जिभेवर ताबा? तो तर जन्मापासूनच नाही.

मॅच सुरू झाली. पाँ-रूझवाले चिवट, धडकांना दाद देईनात. लुसियन धावायचा, टोकाला जाऊन हात वर करायचा, "लांब टाक!" म्हणून बोंबलायचा. सवयीने. त्याच्यामागे त्यांचे दोन दोन लोक पळत यायचे, कारण याची बोंब पुलापलीकडेही प्रसिद्ध होती. मध्यंतराला बेलकान चार गुणांनी मागे.

कोच एव्हारिस्त हा माणूस खेळाडूंना काही विचारत नाही, फक्त सांगतो. तो लुसियनपाशी आला, टोपी मागे सारली. "काय रे, अल्फेला काही झालंय का? क्लोव्हिसला घालू का?"

लुसियनचा गुडघा हलायला लागला. त्याने हातमोजा काढला, घातला, परत काढला. पलीकडे क्लोव्हिस चेंडू बोटावर फिरवत उभा होता. अल्फे पाण्याची बाटली डाव्या हातात धरून जमिनीकडे बघत होता.

"अल्फेच बरा," लुसियन म्हणाला, आणि लगेच स्वतःच्याच पायावर इतक्या जोरात पाय आपटला की कळवळला.

मग तो थेट अल्फेपाशी गेला. "ऐक. मी पंधरावर थांबतो."

"तू? थांबणार?"

"दात काय काढतोस! टाक म्हणजे झालं."

आणि थांबला हो. सुटायचा तसाच वाऱ्यासारखा, "लांब टाक!" ओरडायचा तसाच, पाँ-रूझचे दोघे मागे मागे पळत राहायचे, आणि हा मध्येच गर्रकन वळून उभा. चेंडू यायचा लटपटत, आजारी बदकासारखा, पण यायचा! पहिला झेलला तेव्हा त्याने चेंडूकडे असं बघितलं, जसं दुबईहून आलेल्या नवऱ्याकडे बायको बघते. मागून धडक बसून तोंडावर आपटला तरी हसत होता. असं करत करत बेलकान टोकाच्या रेघेजवळ पोहोचलं. अजून चार गुणांनी मागेच, रेघेच्या आत चेंडू झेलला की सहा गुण, आणि शेवटची खेळी.

लुसियन धावला, रेघेच्या आत वळला. मोकळा. आसपास कुणी नाही. अल्फेने हात उचलला, आणि चेंडू पंधरासुद्धा आला नाही. पायांच्या पुढ्यात पडायला निघालेला. लुसियनने स्वतःला झोकून दिलं, बोटं लागली, चेंडू बोटांवरून घसरला आणि गवतावर.

संपलं.

"वर्षभर चेंडू द्या चेंडू द्या, आणि दिला तर पाडला!" बाकांवरून कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळ्यांनाच कंठ फुटला. लुसियन गवतावर बसून राहिला. चेंडू आखूड होता, एवढे तीन शब्द. जबडा हलत होता, जसं काही चावत होता. पण तीन शब्द बाहेर आले नाहीत. तेवढा वेळ गुडघासुद्धा हलला नाही.

शेडमध्ये वाडगे भरले. कुणी त्याच्याशेजारी बसेना. मावशीने त्याच्या वाडग्यात कोंबडीचा मोठा तुकडा घातला आणि वर म्हणाली, "दुसऱ्यांदा बरं जमलंय पीठ."

तेव्हा अल्फे उठला. "चेंडू मी आखूड टाकला," तो म्हणाला. "खांदा गेलाय. लुसियनला माहीत होतं." दम घेतला. "सकाळचं पीठ पण मीच जाळलं."

चेंडूचं सगळ्यांनी सोसलं असतं, पण पीठ!

"म्हणजे तू मला तोंडावर खोटं बोललास?" कोचने लुसियनला विचारलं.

"हो."

"पुढच्या हंगामात पहिल्या मॅचला पीठ तू ढवळणार. शेजारी हा," अल्फेकडे बोट. "डाव्या हाताने."

"आणि चेंडू कोण टाकणार?" लुसियन ताडकन उभा. "क्लोव्हिस ना? सांगा ना, क्लोव्हिस ना?"

कोचने तोंडात घास घातला आणि मान डोलावली. बस्स. लुसियनने क्लोव्हिसच्या हातातला वाडगा काढून बाकावर ठेवला आणि त्याला मनगटाला धरून बाहेर ओढला.

"अरे, गरम आहे, खाऊ तर दे!"

"नंतर खा! उजेड आहे अजून!"

कारखान्याच्या चिमणीमागे ऊन उतरलं होतं. बाकावरच्या वाडग्यावर तुपासारखी साय धरत होती. ओदिल मावशी दारात कमरेवर हात ठेवून उभी, तिच्याशेजारी अल्फे, डाव्या हाताने खात. लुसियन सुटला होता, गुडघा कटकट वाजवत, हात वर करून, "लांब टाक! अजून लांब!"

"पंधरावर थांब ना, लेका!" अल्फे ओरडला.

कसला थांबतोय. तो कुंपणापर्यंत गेला होता.