फटफटीचा पोळा

आमच्या यजमानांनी फटफटी घरी आणली ती चालवत नाही, बैलगाडीत घालून. वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसियरच्या पडवीत ती कित्येक वर्षं उभी होती. सीटखाली कोंबडी अंडी घालायची. टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सरची, किकचा आणि गिअरचा दांडा एकच. टाकी गंजानं खाल्लेली. नव्या नवरीभोवती घुटमळावं तसे हे तिच्याभोवती घुटमळायचे. नवी नवरी खरं तर मी होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पण ते असो.

त्याच पावसाळ्यात माझ्या माहेराहून, बपेऱ्याहून, निरोप आला की बाबांनी अंथरूण धरलंय. मोतीबिंदूनं नजर आधीच गेलेली, त्यात आता दम लागायला लागलेला. माझा जीव थाऱ्यावर राहिना.

"मले उद्याच्या गाडीनं जाऊ द्या जी," मी म्हटलं.

"एकटी कायले जातं वं? दोन दिवसांत फटफटी चालू होते. बपेऱ्यात आजवर कोणता जावई फटफटीवर आला, सांग बरं!" आणि निरोप्यालाही यांनी बजावलं, "मामाजीले सांगा, पोरीले फटफटीवर घेऊन येतो."

यांचे दोन दिवस काही संपेनात. कामावरून आले की चहासुद्धा न घेता उकिडवे बसायचे. कार्बोरेटर माझ्या जेवणाच्या ताटात, नटबोल्ट सुपात. टाकीत गिट्टी आणि घासलेट भरून ती दोघांनी दोन बाजूंनी धरून हलवायची, म्हणजे आतला गंज सुटतो. हलवता हलवता माझे दंड भरून यायचे आणि तोंडही सुटायचं. एकदा सायलेन्सरच्या नळ्या काजळी जाळायला चुलीत घातल्या, तर पुढे आठवडाभर भाताला जळक्या तेलाचा वास. सिलिंडर बोअरिंगला नागपूरला गेला आणि तिकडेच रमला. मी रोज रस्त्याकडे बघायची. दारात सायकलची घंटी वाजली तरी वाटायचं, बपेऱ्याहून वाईट निरोप आला.

"बाबा गेल्यावर नेता का मले? वरातीमागून घोडं?" मी एकदा ओरडलेच.

यांच्या हातातला पाना काही सुटला नाही. त्या क्षणी ती फटफटी उचलून विहिरीत टाकावीशी वाटली मला.

पोळ्याच्या दोन दिवस आधी ती चालू झाली. निळा धूर, अंगणभर फटफट, शेजारच्या शेळ्या दावं तोडून पळाल्या. इतके दिवस जिला शिव्या घातल्या तिच्याच टाकीवर मी हात फिरवला आणि मला रडू आलं. पोळ्याला यांना सुट्टी होती. त्या दिवशी निघायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी सासूबाई हळद-तेल गरम करून पळसाची पानं घेऊन आल्या. सासरे गेल्यावर घरातले बैल विकले होते, त्यामुळे पोळ्याच्या रिवाजाप्रमाणे जू वाहणारी खांद शेकायला गोठ्यात कोणी नव्हतं. त्यांनी पान तेलात बुडवून फटफटीचं हँडल शेकलं आणि बैलांना म्हणतात तसं म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"माय, तिले खांदे कुठी हायेत?" हे हसले.

"वझं तर वाहते ना बाप्पा?" सासूबाईंनी गंभीरपणे सांगितलं.

सकाळी निघताना म्हणाल्या, "पोटभर पाजलं हो मी तिले." आम्हाला वाटलं, म्हातारीचं कौतुक.

मोहाडी गेली, तुमसर आलं, आणि मागे पाहिलं तर धुरात रस्ता दिसेना. फटफटीला खोकला लागला. यांनी प्लग काढला तर काळाकुट्ट, चिकट. पुसला, लावला. थोडं अंतर गेलो, पुन्हा तेच. माझा जीव पुढे धावत होता आणि गाडी मागे ओढत होती. सिहोरा ओलांडल्यावर ती कायमची बसली. किक मारून यांचा पाय लटपटायला लागला. शेवटी टाकीचं झाकण उघडून यांनी वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"जवसाचं तेल हाये. वाटीभर ओतलं वाटते मायनं."

पेट्रोलमध्ये तेल मिसळताना सासूबाईंनी लेकाला पाहिलं होतं. सणाला घरातलं चांगलं तेल पाजावं, एवढाच त्यांचा भाव. राग कुणावर काढायचा?

जवळच्या घरापुढे एक म्हातारा शेतकरी बैलांच्या शिंगांना बेगड लावत होता. मी हात जोडले, "बपेऱ्यापर्यंत गाडी जुपा ना जी."

"आज पोळा हाये बाई. आज बैल जुपत नाही. बाप मेला तरी जुपत नाही."

माझा चेहरा पाहून त्यानं जीभ चावली. मी पिशवी उचलली आणि चालायला लागले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. फटफटी सोडून हे येतील असं मला वाटतच नव्हतं. थोड्या वेळानं मागून धापा टाकल्याचा आवाज आला. गाडी म्हाताऱ्याच्या गोठ्यात टाकून हे आले होते. दोन्हीकडे धान पोटरीत आलेलं, पायाखाली चिखल, चपला हातात. प्रत्येक वळणावर मला वाटे, आपण पोचेपर्यंत सगळं संपलेलं असेल.

बपेऱ्यात शिरलो तेव्हा तोरणाखाली बैल जमले होते. घरी बाबांची खाट ओसरीच्या पार कडेला आणलेली. फटफटीचा निरोप मिळाल्यापासून त्यांनी ती तिथून हलवू दिली नव्हती, आईनं खुणेनं सांगितलं. ते कान रस्त्याकडे करून पडले होते. छातीचा भाता चालू होता. मी धावत जाऊन पायांवर डोकं ठेवलं.

"कोण वं? सर बाजूले," ते चिडून म्हणाले. "आवाज आयकू दे. माही पोरगी येऊन राहिली फटफटीवर."

"बाबा, मीच आली. पायी आली."

त्यांनी माझा हात चाचपला, बांगड्या चाचपल्या, मग चिखलानं भरलेलं पाऊल. बराच वेळ पाऊल सोडलं नाही. हे उंबऱ्याशी मान खाली घालून उभे होते.

"मंग आता ते फटफटी नाही आली तरी चालते," बाबा म्हणाले आणि त्यांनी रस्त्याकडे पाठ फिरवली.