भाजणीच्या पाकिटावरची लेक

माझी लेक शर्यतीत अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावते. मी बस पकडायला धावलो, तर ड्रायव्हर दार उघडून आधी ‘यू ऑलराइट, मेट?’ असं विचारतो. त्यामुळे हा गुण तिच्या आईकडून आला, हे आमच्या घरी सर्वमान्य आहे.

इथे लंडनच्या हाउन्सलोत जन्मलेल्या या पोरीला अमेरिकेतल्या एका कॉलेजनं स्कॉलरशिप देऊन नेलं. तिथे हल्ली कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव, आपला चेहरा जाहिरातीला देऊन पैसे कमावता येतात. तिच्या रूममेटला एका मोटारविक्रेत्यानं चक्क गाडी वापरायला दिली. तिनं फक्त बॉनेटवर बसून हसायचं. आमच्या लेकीला मात्र ते हसणं मना. ती तिथे स्टुडंट व्हिसावर. असं काम केलं की व्हिसा जायचा, आणि व्हिसा गेला की कॉलेज. या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या कॉलेजातल्या बाईंनी एक वाट दाखवली होती: सुटीत घरी जाशील तेव्हा फोटोपासून सहीपर्यंत सगळं ब्रिटनमध्येच कर. त्याप्रमाणे एका बुटांच्या कंपनीशी बोलणंही झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ब्रिस्टलला शूटिंग.

हे सगळं तिनं मला फोनवर नीट समजावलं. मीही नीट ‘हो, हो’ म्हणालो.

आमच्या मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, मी एका दुकानदार मित्रापुढे लेकीच्या फुशारक्या मारत होतो. तो मसाले, पापड, भाजणी विकतो. बोलता बोलता तिनं पाठवलेला फोटो दाखवला: होस्टेलचं किचन, अंगात कॉलेजची जर्सी, लांब वेणी, गालाला पीठ आणि हातात तिनं थापलेलं पहिलं थालीपीठ. भाजणी त्याच्याच दुकानातली, मीच पाठवलेली.

‘राव, हा फोटो पाकिटावर पाहिजे. पोरीचं मानधन तुमच्या खात्यात टाकतो.’

‘छे! घरचंच काम आहे, पैसे कसले?’ हा झाला माझा मोठेपणा. पैसे आले ते परत केले नाहीत, तो त्याहून मोठा. दुकान इथलं, बाप इथला, खातं इथलं, म्हणजे सगळं ब्रिटनमध्येच झालं, असं मी स्वतःला पटवलं. फोटो कुठे काढलाय, हा प्रश्न मला शिवलाही नाही. ऑफिसात मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पगार घेतो.

मित्रानं पाकीट ऑनलाइन टाकलं आणि खाली अभिमानानं कॉलेजचं नावही लिहिलं. त्या बाईंपर्यंत ते पोचलं.

‘बाबा, तू मला विचारली का नाही?’ पोरीचा आवाज रडून बसलेला, मराठी नेहमीसारखीच मोडकी. ‘ते माझा चेहरा आहे. आता कॉलेजचा लॉयर विचारतोय, मी इथे काम केली का!’

‘अगं, मला वाटलं...’

‘तुला नेहमी वाटते!’

फोन बंद. बायको ओट्याशी उभी होती. ‘अहो, पोरगी धावत होती ना सरळ? तुम्हीच मधे जाऊन उभे राहिलात.’

मग चौकशी. पैसे परत केले, पाकिटं दुकानातून उचलली, सगळा उपद्व्याप माझा एकट्याचा, असं लिहून दिलं. त्या दिवसांत बायको माझ्याशी फक्त रिसायकलिंगच्या डब्यांबद्दल बोलली. अखेर कॉलेजनं तिला ठेवलं. बुटांच्या कंपनीनं मात्र कळवलं की सध्या नको. उन्हाळ्यात ती घरी आलीच नाही. सराव आहे म्हणाली.

अजूनही रविवारी ती फोन करते. माझ्याशी बोलताना कॅमेरा बंद असतो.

‘काय जेवलीस?’

‘पास्ता.’

फोटो आता येत नाहीत. मागावे असं फार वाटतं, पण कोणत्या तोंडानं मागू?

पाकिटांची खोकी गॅरेजमध्ये आहेत. भाजणीला खवट वास यायला लागलाय, तरी मी टाकू देत नाही. परवा बायकोकडून कळलं, पोरीनं केस अगदी आखूड कापलेत. मी गॅरेजमध्ये जाऊन एक पाकीट काढून पाहिलं. त्यावर अजून वेणीच आहे.