माणिकचा तांब्या

आमच्या मरोळच्या बिल्डिंगमधली माणिक सावंत म्हणजे हात आखडता घेणं ठाऊकच नसलेली बाई. पोटभर जेवलेल्या माणसालाही ती आणखी एक घावन वाढणारच. तिची लेक अपूर्वा नोकरीसाठी जर्मनीला गेली, तेव्हा आपलं जाड पानांचं चिमुकलं सक्युलंट खिडकीत ठेवून गेली. "आई, पंधरा दिवसांतून एकदाच पाणी हं," असं बजावूनही गेली.

माणिक कसली ऐकतेय! रोज आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं, मग शेजारी ठेवलेल्या लेकीच्या रोपाला उपाशी कसं ठेवायचं? महिन्याभरात ते मुळापासून कुजलं. मी भडकलेच. "अगं, ही काय तुळस आहे? मारलंस ना लाडानं!"

गळून पडलेलं एक धड पान माणिकने सुक्या मातीवर ठेवलं. दीड महिन्याने त्या पानाच्या बुडाशी हरभऱ्याएवढं रोपटं फुटलं.

परवा मी तिच्याकडे चहाला गेले होते, तेव्हा अपूर्वाचा फोन आला. एरवी माणिक पहिल्याच वाक्यात विचारते, "कधी येतेस गं?" आणि पोरगी घाईघाईने फोन ठेवते. या वेळी तिने ते विचारलंच नाही. अपूर्वा अर्धा तास बोलत राहिली.

फोन ठेवून माणिकने मातीत बोट घातलं. माती कोरडी होती, पण पंधरा दिवस अजून भरले नव्हते. तांब्याकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

"अजून चार दिवस कळ काढते," ती म्हणाली.